हातातला खेळ आणि आमची बैठक

हा लेख खेळावर आहे. परंतु संपादक मंडळाने तो क्रीडा विभागात घेण्यास नकार दिला आणि त्यांचे म्हणणे मला पटले. ज्या खेळात खेळणारा जागचा हलत नाही, त्याला घामही येत नाही आणि दुखापत तेवढी होते, त्याला क्रीडा कोणत्या तोंडाने म्हणावे? दोन्ही हातांत धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमविषयी मी लिहीत आहे. हे खेळ चांगले की वाईट, त्यांनी तरुण पिढी बिघडते की तरतरीत होते, या वादात मला शिरावयाचे नाही. त्यावर आपल्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी भरपूर बोलले जाते. माझा विषय फार लहान आहे. तो खेळ खेळताना माणसाने बसावे कसे, एवढाच.

वाचकहो, हसू नका. सहा महिन्यांपूर्वी मीही हसले असते.

गणपतीत माझा मामेभाऊ आमच्याकडे आला तेव्हा त्याने आपले जुने यंत्र मला देऊन टाकले. त्याला नोकरी लागली होती आणि खेळायला वेळ उरला नव्हता. यंत्र लहानसेच, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना कळा, वजन पाव किलोहून थोडे अधिक. अंगाच्या साबणाच्या दोन वड्या हातात घेतल्यासारखे वाटावे. मी ते घेऊन पलंगावर पालथी पडले, दोन्ही कोपरे गादीत रोवली, आणि त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत अभ्यासाचे, जेवणाचे आणि झोपेचे तास सोडले (खरे सांगायचे तर झोपेचेही सगळे सोडले असे नाही) तर मी बहुधा त्याच अवस्थेत होते.

दिवाळीनंतर सत्र परीक्षा आली. आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाला एक ताई आहेत. त्यांना दिसत नाही. अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहिण्यासाठी लेखनिक लागतो, आणि तो त्याच्यापेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. मी प्रथम वर्षाला. माझे अक्षर बरे आहे, वेगही आहे. म्हणून ताईंनी मला विचारले आणि मी आनंदाने होकार दिला. इतिहासाचा पेपर होता. मूळ वेळ ३ तास, आणि नियमाप्रमाणे दर तासाला २० मिनिटे जादा, म्हणजे एकूण ४ तास. ताई सांगत होत्या, मी लिहीत होते. त्यांचे सांगणे असे की एक वाक्य पुरे होण्याआधी पुढचे त्यांच्या मनात तयार असते. मधे कुठे अडखळणे नाही. तिसऱ्या तासाला माझ्या करंगळीला मुंग्या आल्या. मी हात झटकला आणि लिहू लागले. पुढे करंगळीशेजारच्या बोटालाही मुंग्या आल्या; मग अंगठ्याच्या बुंध्यापासून मनगटापर्यंत कळ मारू लागली. पेन हातातून निसटू लागले. शेवटचा प्रश्न १० गुणांचा होता. ताईंना त्याचे उत्तर पाठ होते, आणि ते त्यांच्या तोंडून संपूर्ण बाहेरही पडले. कागदावर मात्र अर्धेच उतरले. घंटा झाली.

ताई मला काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर उलट माझाच हात हातात घेऊन त्यांनी बोटे चोळली. त्या पेपरात त्यांना अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले. किती कमी, ते त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.

माझी स्वतःची उत्तरपत्रिका अर्धी राहिली असती तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या हातामुळे वाया जाणे ही गोष्ट वेगळी. मी एका रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्यांनी सांगितलेले, काही मी ग्रंथालयात बसून वाचलेले आणि उरलेले घरच्या पलंगावर, पाटावर, खुर्चीवर करून पाहिलेले आहे.

बाईंनी प्रथम माझा अंगठा मुठीत घालायला लावला आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवली. मी ओरडले. "हं," त्या म्हणाल्या, "एक झाले." मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाजवळ बोटाने हलकेच टकटक केली, झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत गेल्या. "दोन झाली. कोपर कुठे टेकवतेस?"

या दोन दुखण्यांची ओळख करून घेतली पाहिजे, कारण बैठकीचे सारे शास्त्र त्यांच्यात आहे.

पहिले अंगठ्याचे. अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटाच्या कडेने एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा सतत हलला की त्या बोगद्यात घासतात, बोगद्याचे अस्तर जाड होते, आणि मग प्रत्येक हालचालीला कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हँ नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे व्हिडिओ गेम जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे हे दुखणे. तेव्हा ते कोणाला होत असे? कपडे पिळणाऱ्या धोबिणींना, आणि तान्ह्या मुलाला बगलेत हात घालून पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या आयांना. आजही बाळंतिणींना ते होतेच. हे मी घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती चादर पिळत होती. पिळता पिळता थांबून ती डाव्या हाताने उजवे मनगट धरते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे त्याला नाव आहे होय!" दुसऱ्या दिवशी मी तिला बाईंकडे घेऊन गेले. पण ते असो.

दुसरे कोपराचे. कोपर दाराच्या कडेला आपटले की हातभर झिणझिण्या येतात, हे सर्वांनी अनुभवलेले आहे. तेथे हाड दुखत नसून एक मज्जातंतू दुखत असतो. हा मज्जातंतू मानेतून निघून दंडातून खाली येतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागे, एका खाचेतून जातो. त्या ठिकाणी त्याच्यावर स्नायूंची गादी नाही, कातडी तेवढी आहे. पुढे तो करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवतो आणि पंज्यातले बारीक स्नायू चालवतो. कोपर मुडपले की तो ताणला जातो. मुडपलेले कोपर वर कशावर टेकवले की ताणलेला असतानाच दाबलाही जातो. पालथे पडून, कोपरे रोवून, हात तोंडाजवळ आणून तासन्‌तास खेळणे म्हणजे या तंतूला दुहेरी शिक्षा. त्यात परीक्षेच्या बाकाची कठीण कड ४ तास कोपराखाली आली. पेन निसटले यात नवल काही नाही. पेन धरण्याला लागणारे बारीक स्नायू याच तंतूच्या हुकमतीत असतात.

आता इतिहास थोडा सांगते, कारण आम्ही कलाशाखेच्या माणसांना इतिहासावाचून कोणतीही गोष्ट समजत नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीत गुन्पेई योकोई नावाचे एक गृहस्थ होते. आगगाडीच्या प्रवासात एक कंटाळलेला नोकरदार माणूस खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत वेळ काढताना त्यांनी पाहिला, आणि त्यावरून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, अशी हकिगत सांगितली जाते. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ निघाले: छोटासा खेळ आणि घड्याळ एकत्र. दोन हातांत आडवे धरावे आणि दोन अंगठ्यांनी चालवावे. १९८२ साली याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’ या खेळात डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराची एक कळ आली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हे सारे एकट्या अंगठ्याने. तेव्हापासून आजतागायत या यंत्रांची ठेवण फारशी बदललेली नाही. विचार करून पाहा: ज्या अंगठ्याचे निसर्गाने दिलेले काम बाकीच्या चार बोटांसमोर उभे राहून वस्तू पकडणे, त्याला आपण टंकलेखकाचे काम लावले, आणि वस्तू धरण्याचे काम उरलेल्या बोटांवर ढकलले.

डॉक्टरांच्या हे लवकरच ध्यानात आले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९८१ साली ‘स्पेस इन्व्हेडर्सचे मनगट’ आणि १९९० साली ‘निन्टेन्डिनायटिस’ अशा शीर्षकांची पत्रे प्रसिद्ध झाली. वैद्यकातही विनोदबुद्धी असते याचा हा पुरावा.

१९८९ साली आलेल्या ‘गेम बॉय’ या यंत्राची गंमत निराळी. चार पेन्सिल सेल घातल्यावर त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरे. पण त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता. म्हणजे कसे बसावे हे पाठीने किंवा मानेने ठरवायचे नव्हते. खिडकीने ठरवायचे होते. जिकडून उजेड येईल तिकडे तोंड, आणि पडद्यावर चकाकी येऊ नये म्हणून यंत्र तिरके, आणि यंत्र तिरके म्हणून मानही तिरकी. आपल्याकडे १९९०च्या दशकात ज्यांच्या घरी विटा रचण्याचा ‘ब्रिक गेम’ होता त्यांना हे ठाऊक असेल. माझा मामा सांगतो की संध्याकाळी वीज गेली की तो आपला ब्रिक गेम घेऊन कंदिलाच्या काचेला नाक लावून बसे. एकदा त्याच्या भुवया होरपळल्या. निन्टेन्डोच्या याच घराण्यातल्या २००१ सालच्या यंत्राच्या पडद्यालाही दिवा नव्हता. तो मिळाला २००३ साली. दिवा आला आणि माणूस उजेडापासून मोकळा झाला. त्याने लगेच काय केले? अंधारात पांघरुणात शिरून, आपल्याला हवे तसे वाकडे होऊन तो खेळू लागला. पूर्वी सूर्य मावळला की खेळ थांबे. तेवढी एक सक्तीची विश्रांती होती, तीही गेली.

यानंतर माझे प्रयोग. पालथे पडणे वर्ज्य झाल्यावर मी उताणी झोपून पाहिले. पहिली पाच मिनिटे स्वर्ग. पाठ टेकलेली, मान उशीवर, यंत्र तोंडासमोर. सहाव्या मिनिटाला दंड भरून येतात, दहाव्या मिनिटाला यंत्र नाकावर पडते. माझ्या नाकावर ते दोनदा पडले. असे का व्हावे? यंत्र तर पाव किलोचे. येथे बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. माझे वजन ५० किलो. म्हणजे एक हात अडीच किलो, दोन मिळून पाच. मी पाव किलोचे यंत्र उचलून धरले आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी सव्वापाच किलो उचलून धरले होते, आणि त्यातले पाच किलो माझेच होते. यंत्र जड नसते, हात जड असतात. म्हणून हलके यंत्र शोधण्यापेक्षा हाताला टेकू शोधावा.

आणि नुसते उचलणेही वेगळे, उचलून धरणे वेगळे. शाळेत हात वर करून उभे राहण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. स्नायू आकुंचन-प्रसरण पावत राहिला की त्यातून रक्त खेळते राहते. एकाच जागी ताठ राहिला की तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो आणि थकतो. आई कणीक मळते तेव्हा तिचे हात जितके दमत नाहीत तितके माझे रिकामे हात वर धरून दमतात, ते यामुळे.

कुशीवर झोपण्याविषयी फार लिहीत नाही. खालचा हात चेंगरतो, वरच्या हातावर सगळा भार, आणि एका डोळ्याला पडदा जवळ, दुसऱ्याला लांब. दहा मिनिटांच्या वर कोणी करू नये. बसमध्ये उभे राहून खेळणाऱ्या मुलांविषयीही लिहीत नाही. ती एका हाताने दांडी धरतात, एका हाताने यंत्र, आणि तिसऱ्या कोणाच्या तरी पायावर उभी असतात.

मग मी मांडी घालून भिंतीला टेकून बसले. ही आपली परंपरागत बैठक. पाठीला भिंत, खाली सतरंजी. यंत्र मांडीवर. हात मांडीवर टेकलेले, म्हणून खांदे सुखी. कोपरे मोकळी, म्हणून करंगळी सुखी. आता दुःख कोणाला? मानेला. पडदा मांडीवर म्हटल्यावर डोके खाली आलेच. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो. ते मानेवर सरळ उभे असते तोवर मानेला त्याचा त्रास नाही; पाण्याचा हंडा डोक्यावर नीट बसला की बाई झपझप चालते, तसे. तेच डोके पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हन्सराज यांनी २०१४ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. मान १५ अंश झुकली तर मणक्यांवर सुमारे १२ किलोचा भार, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७ किलो. वर्तमानपत्रांनी हे आकडे खूप छापले. हे जिवंत माणसाच्या मानेवर मोजलेले नसून एका नमुन्यावरून गणिताने काढलेले आहेत, हे सांगायला मात्र बहुतेक विसरले. तेव्हा ते शब्दशः घेऊ नयेत. पण मान जितकी खाली तितका भार अधिक, एवढे तर गणिताशिवायही संध्याकाळी आपल्या मानेला कळते.

तेव्हा अडचण अशी झाली: हातांना यंत्र खाली हवे, मानेला वर हवे. खाली ठेवले तर मान दुखते, वर धरले तर खांदे. खुर्चीवर बसून हाच झगडा, टेबलावर वाकून हाच झगडा. महिनाभर मी या दोघांमध्ये तडजोड करीत होते आणि दोघेही माझ्यावर नाराज होते.

तडजोड सापडली ती आजीच्या खोलीत. आजीचे वय ७८. ती रोज दुपारी ज्ञानेश्वरी वाचते. पाटावर बसते, पाठीमागे लोड, पुढे एका लहान पेटीवर लाकडी ठवणी. पोथी ठेवण्याची ती घडीची घडवंची पुष्कळांच्या घरी अजून असेल. ग्रंथ मोठा, अक्षर ठसठशीत. तास-दीड तास ती वाचते आणि उठताना "आई गं" म्हणत नाही. मी दारात उभी राहून पाहिले: ग्रंथ तिच्या छातीच्या उंचीला, तिरका, दीड हातावर. मान किंचित खाली, नजर मात्र पुरी खाली. हात मांडीवर मोकळे. पान उलटण्यापुरता उजवा उठतो आणि परत येतो. ग्रंथाचे वजन माझ्या यंत्राच्या दसपट असेल, पण ते आजीने उचललेले नव्हते. ठवणीने उचलले होते.

पुढे वाचताना कळले की खेळ करणाऱ्यांनाही ही ठवणी एकदा सुचलेली आहे. निन्टेन्डोच्या ३डीएस यंत्रासाठी २०१२ साली ‘किड इकारस: अपरायझिंग’ नावाचा खेळ निघाला. त्यात उजव्या हाताने पडद्यावर लेखणी फिरवावी लागे, म्हणून यंत्राचा सगळा भार डाव्या हातावर येई. तेव्हा त्या खेळाबरोबर डब्यातच यंत्र टेकवण्याची एक घडवंची देत असत. २०१७ सालच्या ‘स्विच’ या यंत्राच्या पाठीला तर टेकू जडवलेलाच होता, आणि दोन्ही बाजूंच्या कळांच्या पट्ट्या काढून हातात वेगवेगळ्या धरता येत. पडदा टेबलावर, हात दोन्ही बाजूंना खाली. हातांना आणि मानेला एकमेकांपासून सोडवण्याचा हा सर्वांत सरळ उपाय. ज्यांच्या यंत्राला ही सोय आहे त्यांनी ती वापरावी, विशेषतः यंत्रे आता पुन्हा जड होत चालली असताना. २०२२ सालचे ‘स्टीम डेक’ ६६९ ग्रॅमचे आहे आणि २०२५ सालचे ‘स्विच २’ कळांच्या पट्ट्यांसह ५३४ ग्रॅमचे.

माझ्या यंत्राच्या कळा सुटत नाहीत. म्हणून ठवणीवर यंत्र ठेवले तरी हात तेथवर न्यावेच लागतात. पण मग असे करून पाहिले: पाठीला लोड, मांडीवर दोन उशा, एकीवर एक, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्या उशांवर सबंध टेकलेला, कोपराचे टोक मात्र अधांतरी, आणि यंत्राची खालची कड ठवणीवर. भार ठवणीचा, हात उशीचे, बोटांनी फक्त दोन्ही कडांना असावे. कोपर काटकोनापेक्षा उघडे ठेवायचे. मनगट आत किंवा बाहेर न वळवता हाताच्या रेषेत. खांदे कानांकडे चढले आहेत का, हे मधून मधून पाहायचे. माझे दर अटीतटीच्या प्रसंगी चढतात. पडदा डोळ्यांपासून निदान एक हातभर लांब, आणि पापण्या लववायची आठवण ठेवायची, कारण पडद्याकडे टक लावून पाहताना आपण नेहमीपेक्षा कमी वेळा डोळे मिटतो आणि मग ते चुरचुरतात. ठवणी नसेल तर जाड शब्दकोश चालतो. घरी जेवणाचे टेबल असेल तर उशा टेबलावर.

आजीने परवानगी दिली, पण "आधी हात-पाय धुऊन ये" या अटीवर. ज्ञानेश्वरीच्या जागेवर डुकरे उड्या मारताना पाहून ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या हिरव्याला खड्ड्यात कशाला ढकललेस?" हल्ली ती चार वाजता स्वतःच विचारते, आज खेळ नाही का.

अंगठ्याविषयी राहिले. येथे बैठकीचा उपयोग अर्धाच. उरलेला अर्धा स्वभावाचा आहे. कळ हलकेच दाबली काय आणि जीव खाऊन दाबली काय, पडद्यावरचे पात्र उडी तेवढीच मारते. तरी संकट आले की आपण कळ चेचतो. एस. टी.त पुढच्या बाकावर बसलेला प्रवासी समोरून ट्रक आला की स्वतःचाच पाय जमिनीवर दाबतो, त्यातलाच हा प्रकार. ही सवय मोडायला मला बैठक बदलण्यापेक्षा जास्त दिवस लागले. अंगठ्याच्या टोकाने टोचण्यापेक्षा पेराच्या मांसल भागाने दाबावे, आणि अंगठा फार ताणावा लागणाऱ्या खेळांना काही दिवस रजा द्यावी.

आणि शेवटी, बाई म्हणाल्या ते असे की उत्तमातली उत्तम बैठकही अर्ध्या तासाने वाईट होते. शरीराला चांगली जागा नको असते, बदललेली जागा हवी असते. पण ‘दर अर्ध्या तासाने उठा’ हा नियम खेळणाऱ्याला सांगून उपयोग नाही. खेळताना घड्याळ दिसत नाही. म्हणून मी माझा नियम केला: पात्र मेले की यंत्र खाली. उठायचे, पाणी प्यायचे, बोटे सरळ करायची, खिडकीतून समोरच्या चिंचेकडे पाहायचे. मी फारशी चांगली खेळाडू नाही, त्यामुळे मला पुष्कळ विश्रांती मिळते. रात्री झोपेत कोपर मुडपू नये म्हणून दीड महिना हाताला टॉवेल गुंडाळून झोपले. करंगळीच्या मुंग्या हळूहळू गेल्या. अंगठ्याची कळ थंडीत अजून थोडी जाणवते.

ताईंना मी हे सारे सांगितले. त्या हसल्या. त्यांचा फोन त्यांना पडद्यावरचे सगळे वाचून दाखवतो. तो त्या खिशात ठेवतात, मांडीवर उलटा ठेवतात, पाठीमागे हात नेऊनही चालवतात. "मला पडद्याकडे बघावेच लागत नाही, म्हणून माझी मान शाबूत," त्या म्हणाल्या, "तुम्हां डोळस माणसांचे फार हाल बाई."

एप्रिलमध्ये त्यांची शेवटची परीक्षा आहे. मला वाटले होते त्या दुसरी लेखनिक पाहतील. त्यांनी मलाच विचारले. गेला महिनाभर रोज संध्याकाळी त्या एक तास सांगतात आणि मी लिहिते. बाकाच्या कडेवर आईची जुनी शाल चौपदरी करून ठेवते, कोपर त्यावर येऊ न देता हात टेकते, आणि दर पान संपले की पेन खाली ठेवून बोटे उघडते. त्या वेळी ताई वाक्याच्या मध्येच थांबतात. मी काही सांगितलेले नसते. पेन खाली ठेवल्याचा आवाज त्यांना ऐकू येतो. परवा पहिल्यांदा आम्ही सलग चार तास बसलो. सत्तावीस पाने झाली. उठताना त्यांनी माझी करंगळी चिमटीत धरून विचारले, "लागतेय का?"

लागले.